ठणका थांबला म्हणून दाढ बरी झाली असं नाही
दातांच्या काळजीवरचा लेख वाचला. दुखत नसलं तरी दात तपासून घ्या, हा त्यातला सल्ला बाबांना मुद्दाम वाचून दाखवला. मागच्या वर्षी त्यांच्या दाढेचा ठणका आठ दिवसांत आपोआप थांबला, बाबा खूश. खरं तर आतली नस मेली होती. मग हिरडीवर पुळी यायची, फुटायची, तोंडात घाण चव. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग, म्हणजे आत संसर्ग! रूट कॅनालने दाढ वाचली.

लेखात एक गोष्ट राहिली, अन् आपल्या नागपुरात तर ती हवीच होती: खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचं चघळायचं मिश्रण. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडी आजारी असूनही रक्त कमी येऊ शकतं अन् माणूस गाफील राहतो. शुगरवाल्यांनी जास्तच जपावं. हिरडी बिघडली की शुगरही आटोक्यात ठेवणं कठीण जातं. बाबांचा खर्रा? अर्ध्यावर आलाय, म्हणतात.