‘लिंक मारा, विषय संपला’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘टर्मिनलवाला’ यांस,

उबंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर गेल्यावर जुना प्रोग्रॅम ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ ही ओपनएसएसएलची जुनी लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड) मागत असेल, तर ती त्या प्रोग्रॅमपुरती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता, “एवढं पुराण कशाला? नव्या फाइलला जुन्या नावाची लिंक मारा, विषय संपला. लेखकाने खरा सर्व्हर कधी हाताळलेला दिसत नाही. हल्ली सगळे कंटेनरच वापरतात.” (लिंक म्हणजे एखाद्या फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव; कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या लायब्ररींसकट बंद केलेला डबा.)

लेख लांबला, हे मान्य. पण ही बोलायची कुठली पद्धत? ओळख ना पाळख, आणि थेट माझा अनुभव काढायचा!

काढलाच आहे तर ऐका. सेंटओएस ६ या लिनक्सच्या काळात मी एका छोट्या कंपनीचे सर्व्हर सांभाळायचो. त्यात जीलिबसी, म्हणजे जवळपास प्रत्येक कमांडला लागणारी मूळ लायब्ररी, २.१२ होती. एका प्रोग्रॅमला २.१४ हवी, म्हणून एका सहकाऱ्याने नवी आणून, प्रोग्रॅम जीलिबसीला ज्या नावाने शोधतात त्या ‘लिबसी.एसओ.६’ ची लिंक तिच्याकडे वळवली. त्या क्षणी फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांड बंद, कॉपी करणारी सीपी बंद, आणि लिंक परत फिरवायची ती एलएनसुद्धा बंद. नवीन लॉगिन होईना. एक टर्मिनल तेवढं उघडं राहिलं होतं. त्याला कोणालाही हात लावू दिला नाही. एलडी_प्रीलोडमध्ये (‘ही लायब्ररी आधी घे’ असं सांगणारी सेटिंग) जुन्या फाइलचा पूर्ण पाथ देऊन त्याच ओळीत एलएन चालवली, तेव्हा कुठे मशीन ताळ्यावर आलं. ते टर्मिनल बंद झालं असतं तर रेस्क्यू डिस्क घेऊन डेटा सेंटर गाठावं लागलं असतं. खरा सर्व्हर हाताळणं म्हणजे याहून वेगळं काय असतं, ते तुम्हीच सांगा.

आता तुमची लिंक. तिने फक्त फाइलचं नाव जुळतं. लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारा भाग, त्यापुढे आतल्या आवृत्तीच्या खुणाही तपासतो. प्रोग्रॅम ‘ओपनएसएसएल_१_१_०’ मागतो, नव्या फाइलमध्ये असते ‘ओपनएसएसएल_३.०.०’, आणि ‘व्हर्जन नॉट फाउंड’ म्हणून सगळं तिथेच थांबतं. दुसऱ्याला सांगण्याआधी हे एकदा चालवून तरी बघायचं!

कंटेनर हा त्या लेखाचा विषयच नव्हता. त्याच्या आतही कुठली ना कुठली लायब्ररी लागतेच.

तुमची प्रतिक्रिया मी काढत नाही. पण ती वाचून कोणी रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून ती लिंक मारली असेल, तर आधी ती काढा आणि मग लायब्ररींची नोंद ताजी करणारी एलडीकॉन्फिग एकदा चालवा.