‘५३ औषधांवर बंदी’ : पुन्हा फिरू लागलेल्या मेसेजला उत्तर

सप्टेंबर २०२४च्या अखेरीस पहिल्यांदा आलेला हा मेसेज काही केल्या मरत नाही. मधूनच आकडा बदलतो, मजकूर तोच राहतो. गोव्यातल्या मराठी गटांवर, भजनी मंडळापासून सोसायटीपर्यंत, तो साधारण असा फिरतो: सरकारने पॅरासिटामॉलसह ५३ औषधांवर बंदी घातली आहे, बीपीच्या आणि मधुमेहाच्या गोळ्याही त्यात आहेत, त्या आजच बंद करा, ही औषधे म्हणजे विष आहे, स्वस्तातली आणि सरकारी इस्पितळातली औषधे तर बनावटच, गोव्यात बनलेली तेवढी घ्या, सरकारला सगळे ठाऊक होते, पण लपवले. शेवटी अर्थातच एका ‘मोठ्या डॉक्टरांचा’ हवाला आणि सगळ्यांना पाठवायची आज्ञा.

मी डिचोलीत फार्मसी चालवतो. असा मेसेज आला की दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर काय होते ते मला दिसते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो. मेसेज हवेतून आलेला नाही, त्याच्यामागे खरी सरकारी यादी आहे. घोळ झाला तो यादी वाचण्यात.

‘सरकारने ५३ औषधांवर बंदी घातली.’

घातली नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ, दर महिन्याला एक यादी काढते. दुकानांतून, घाऊक विक्रेत्यांकडून, सरकारी भांडारांतून उचललेले नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात आणि जे कसोटीला उतरत नाहीत ते ‘प्रमाणित दर्जाचे नाही’ या शेऱ्याखाली छापले जातात. ऑगस्ट २०२४च्या यादीत असे ४८ नमुने होते आणि आणखी ५ वेगळ्या तक्त्यात, कंपन्यांच्या उत्तरांसह. मिळून ५३. प्रत्येक नोंदीत औषधाचे नाव, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, कंपनी आणि नापास होण्याचे कारण असते. नापास होते ती बॅच, म्हणजे एका खेपेत बनवलेला तेवढाच माल. त्याच कंपनीची पुढची बॅच किंवा दुसऱ्या कंपनीची तीच गोळी, यांच्याबद्दल ती नोंद अवाक्षर काढत नाही. पॅरासिटामॉल ५०० देशात किती कंपन्या बनवतात याची गणती करायला बसलात तर दिवस पुरणार नाही. यादीत होती ती त्यांतल्या एका कंपनीची.

बंदी ही वेगळी चीज आहे. ती औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६अ खाली केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करून घालते, आणि मग ते औषध कोणत्याही कंपनीला बनवता किंवा विकता येत नाही. गंमत म्हणजे अशी खरीखुरी बंदीही ऑगस्ट २०२४मध्येच आली होती: १५६ संयुक्त औषधांवर, म्हणजे एकाच गोळीत वा सिरपमध्ये दोन-तीन औषधे कोंबलेल्या मिश्रणांवर. त्यांत ॲसेक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम हे मिश्रण होते. महिन्याभराने नापास बॅचची यादी आली आणि तिच्यात पॅरासिटामॉल ५०० दिसले. पहिल्या बातमीतली ‘बंदी’ आणि दुसरीतले ‘पॅरासिटामॉल’ यांचे लग्न बहुधा कोणीतरी मोबाइलवरच लावून दिले.

‘बीपी, मधुमेहाच्या गोळ्या आजच बंद करा.’

या मेसेजमधले सर्वांत घातक वाक्य हेच. रक्तदाबाचे टेल्मिसार्टन आणि मधुमेहाचे ग्लिमेपिराइड यांच्या काही बॅच त्या यादीत होत्या, हे खरे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र माणसाला इस्पितळात पोहोचवू शकतो. रक्तदाबाची गोळी सोडली म्हणून कोणी लगेच कोसळत नाही, उलट दोन-चार दिवस बरेच वाटते, आणि तिथेच फसगत होते. दाब चढलेला कळतच नाही. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारख्या गोळ्या तर एकदम तोडायच्याच नसतात. हृदयविकाराच्या रुग्णाला त्याने छातीत दुखण्यापासून झटक्यापर्यंत काहीही होऊ शकते. फिट आणि अतिचिंता यांवर देतात त्या क्लोनाझेपामचेही नाव त्या बातम्यांत होते. ती नियमित घेणाऱ्याने एका रात्रीत सोडली तर फिट येण्याचा धोका असतो.

असाच मेसेज फिरत असताना साठी उलटलेल्या एक मावशी रुमालात गुंडाळलेली पट्टी घेऊन आल्या. “बाबा, ही बंद झाली म्हणतात. मी सोमवारपासून सोडली.” पट्टी टेल्मिसार्टनची होती, पण कंपनी यादीतली नव्हतीच. तरी खात्री करावी म्हणून बॅच नंबर शोधायला गेलो तर तो गायब! पट्टीत चारच गोळ्या उरल्या होत्या आणि बॅच नंबर, मुदत वगैरे छापलेला कोपरा कधीच कचऱ्यात गेला होता. सुदैवाने बिल त्यांच्या पिशवीत होते आणि त्यावर नंबर छापलेला होता. दाब मोजायला त्यांना शेजारच्या दवाखान्यात धाडले. तो चढलेला होता.

हा कापलेला कोपरा म्हणजे आमच्या धंद्याचीही चूक आहे, ती झाकायचे कारण नाही. गिऱ्हाईक चार गोळ्या मागते, आम्ही कात्रीने चार कापून देतो, आणि नंबर आमच्याकडच्या तुकड्यावर राहतो. यादी कितीही अचूक असली तरी अशा घरात तिचा उपयोग शून्य. म्हणून सुट्या गोळ्या घेताना बिल मागा, आणि पूर्ण पट्टी घेतली असेल तर नंबर असलेल्या टोकाकडची गोळी सर्वांत शेवटी काढा. कापलेल्या पट्टीच्या कडेला गोळीचा कप्पा उघडा पडलेला नाही ना, हेही बघून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी गोळी आठवड्यात मऊ पडते. तिला नापास व्हायला कंपनीची गरज नाही.

‘ही औषधे म्हणजे विष.’

नापास होण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांचा धोका सारखा नसतो. पॅरासिटामॉल ५००च्या गोळीत भारतीय औषधकोशाप्रमाणे, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत मानकांप्रमाणे, ९५ ते १०५ टक्के, म्हणजे ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम औषध असावे लागते. ४६५ भरले तर बॅच नापास. दुसरी मोठी चाचणी विरघळण्याची: पोटातल्या उष्णतेइतक्या, ३७ अंशांच्या द्रावणात गोळी सोडून यंत्राने सावकाश ढवळतात आणि ठरलेल्या वेळात किती औषध बाहेर आले ते मोजतात. गोळीत औषध पुरेसे असूनही ती आतून दगडासारखी घट्ट असेल तर इथे गचकते. अशी गोळी विष नसते, कुचकामी असते. तापात ते चालून जाईल, अँटिबायोटिकमध्ये किंवा फिटच्या औषधात चालणार नाही, म्हणून ती बाजारातून उचललीच पाहिजे. सलाईन किंवा इंजेक्शन निर्जंतुकतेत नापास झाले तर मामला त्याहून गंभीर. लेबलवरच्या चुकीसाठीही बॅच नापास होते. हे सगळे एकाच तक्त्यात, एकाच आकाराच्या अक्षरांत येते.

आणि खरोखर विष निघते तेव्हा? तेही घडले आहे, सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये. मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात वीसहून अधिक लहान मुले कफ सिरपने दगावली. कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तामिळनाडूच्या प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक रसायन. त्या दिवसांत घरातली ती बाटली तत्काळ बाजूला ठेवणे हेच शहाणपण होते. केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानेही सूचना काढली की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. म्हणजे ‘हे थांबवा’ असे सांगणारी सूचना असते तेव्हा ती तसे स्पष्ट सांगते. मासिक यादी तसे सांगत नाही. दोन्हींना एकच भोंगा लावला तर खऱ्या आगीच्या वेळी कोणी उठणार नाही.

‘स्वस्त आणि सरकारी म्हणजे बनावट.’

इथे मेसेजला निम्मे गुण देतो. २०१४ ते २०१६ या काळात देशभर औषधांचे मोठे सर्वेक्षण झाले होते, ४७,०१२ नमुन्यांचे. किरकोळ दुकानांतले ३.१६ टक्के नमुने दर्जात नापास झाले, तर सरकारी स्रोतांकडचे १०.०२ टक्के. हा फरक लाजिरवाणा आहे. सर्वांत कमी दराची निविदा आणि साठवणुकीकडे दुर्लक्ष यांची चर्चा या संदर्भात नेहमी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच सर्वेक्षणात खरोखर बनावट निघालेले नमुने किती? सगळे मिळून १३. ‘दर्जात कमी’ आणि ‘बनावट’ यांत अंतर आहे: पहिल्यात खऱ्या कंपनीचे काम ढिले, दुसऱ्यात कंपनीच्या नावाने भलत्यानेच केलेली चोरी.

चोर कोणते नाव चोरतो? खपणारे. ऑगस्ट २०२४च्या यादीत कॅल्शियमची शेलकॅल ५०० आणि ॲसिडिटीची पॅन डी या घराघरांत असलेल्या ब्रँडची नावे आली. त्यांच्या कंपन्यांनी उत्तर दिले की ती बॅच आम्ही बनवलेलीच नाही, नमुना नकली आहे. म्हणजे महागडा ब्रँड घेतला की सुटलो, हा भ्रम. ज्या पॅरासिटामॉलवरून एवढा गहजब झाला ते एका सरकारी कंपनीचे होते, हेही तितकेच खरे. किमतीवरून किंवा मालकावरून यातले काही ओळखता येत नाही. १ ऑगस्ट २०२३पासून ३०० खपाऊ ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तो स्कॅन करून आलेला बॅच नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळतो का ते बघणे कोणालाही जमेल.

‘गोव्यात बनलेली तेवढी घ्या.’

वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांचा अभिमान मलाही आहे. पण प्रयोगशाळा पत्ता पाहून गुण देत नाही. शिवाय घरातल्या पट्ट्या उलटून बघा: बद्दी, सिक्कीम, उत्तराखंड. एवढे सगळे टाकून दिले तर औषधाच्या डब्यात थर्मामीटर उरेल.

‘सरकारला ठाऊक होते, पण लपवले.’

यादी संकेतस्थळावर उघड आहे, कोणालाही उतरवून घेता येते. म्हणून ‘लपवले’ हे खोटे. उशीर होतो हे मात्र खरे, आणि त्याची तक्रार मेसेज लिहिणाऱ्याइतकीच माझीही आहे. निरीक्षक दुकानातून नमुना विकत घेतो, त्याचे सीलबंद भाग करतो, एक सरकारी विश्लेषकाकडे जातो. अहवाल आला की त्याला आव्हान द्यायला संबंधितांना २८ दिवस मिळतात. कोणाचा परवाना अन्यायाने जाऊ नये म्हणून ही पद्धत आहे आणि ती योग्य आहे. पण ऑगस्टची यादी सप्टेंबरच्या अखेरीस वाचायला मिळते तोवर त्या बॅचच्या बऱ्याच पट्ट्या विकून, खाऊन संपलेल्या असतात. बाजारातून माल परत मागवल्यावर किती आला, किती आलाच नाही, हे यादीत कुठेच नसते. तक्ता इंग्रजीत. ‘बॅच तुमच्या घरात असेल तर दुकानात परत करा, नसेल तर औषध चालू ठेवा’ हे एक वाक्य मराठीत आणि कोकणीत वर छापायला किती शाई लागणार आहे?

अर्धवट सरकारी वाक्य काय करते हे गोव्याला शिकवावे लागू नये. १२ जुलै २०१८ रोजी मडगावच्या घाऊक मासळी बाजारात एफडीएचे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे, पथक गेले. जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइड या रसायनाचे द्रावण, सापडल्याचे कळले आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेच्या हवाल्याने प्रमाण ‘मर्यादेत’ असल्याचे निवेदन आले. मासळीला फॉर्मेलिन लावायला मुळात परवानगीच नाही, मग मर्यादा कसली, असा प्रश्न गल्लोगल्ली विचारला गेला. मासळीत थोडे फॉर्मल्डिहाइड आपोआपही तयार होते आणि वरून मारलेले फॉर्मेलिन त्याहून वेगळे, हे नीट उलगडून सांगायला हवे होते ते त्या दिवशी सांगितले गेले नाही. पुढे परराज्यातली मासळी काही दिवस रोखली गेली आणि कित्येक घरांत दिवसचे दिवस हुमण, म्हणजे माशाची आमटी, शिजले नाही. सरकारी खुलाशावर आपला विश्वास का बसत नाही, याचे एक उत्तर त्या दिवसात आहे. मेसेजवर तो का बसतो, याचेही तेच.

‘सर्वांना पाठवा.’

पाठवायचेच असेल तर मूळ यादी पाठवा, आणि त्याआधी तिच्यातला बॅच नंबर घरातल्या पट्टीशी ताडून बघा. कंपनी, नाव आणि बॅच तिन्ही जुळले तरच ती पट्टी बाजूला ठेवा. फेकू नका, तोच पुरावा असतो. त्याच औषधाची दुसऱ्या बॅचची पट्टी घ्या म्हणजे डोस चुकणार नाही, आणि रक्तदाब, साखर, फिट, थायरॉइड यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी तोडू नका. दुकानदार परत घ्यायला कुरकुरला, किंवा गोळीचा रंग, वास, फुटणे यांवरून तुम्हालाच संशय आला, तर पट्टी आणि बिल घेऊन बांबोळीला एफडीएच्या कार्यालयात तक्रार देता येते. तिथेही तुम्हाला पहिला प्रश्न बॅच नंबरचाच विचारतील.