जुळलेला कॉम्प्युटर

सकाळी आधी कॉम्प्युटरचं बटन दाबायचं, मग दूध तापत ठेवायचं, अशी आमच्या घरची पद्धत. दूध वर येतं तरी पडद्यावर ठिपक्यांचा फेर चालूच. मग आंघोळ, पूजा. पेपरातला अग्रलेख संपला की माउस हलायला लागतो. २०१३ साली घेतलेलं हे धूड: तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. तेव्हा गल्लीतली पोरं नुसती बघायला यायची. आता परभणीचा पारा ४४ वर गेला की त्याचा पंखा असा घरघरतो, की शेजारच्या काकू दळणाचा डबा घेऊन यायच्या तेवढ्या बाकी आहेत.

यंदा मे महिन्यात तो मधेच बंद पडायला लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. माझाच विद्यार्थी, नववीत गणितात दोनदा आपटलेला. त्यानं कॅबिनेटचं झाकण काढलं आणि आम्ही सगळे दोन पावलं मागं सरलो. आत धुळीची गोधडी, पालीची दोन अंडी आणि आपट्याचं एक वाळलेलं पान. दसऱ्याला बायको त्याच्यावर सोनं ठेवते, त्यातलं एक फटीतून आत गेलेलं. मराठवाड्यात सोनं असं कुठंही सापडतं, फक्त विकता येत नाही.

"सर, रॅम वाढवू," पोरगा म्हणाला. "पर ही डीडीआर-थ्री, जुन्या जातीची. उद्या नव्या बोर्डावर बसणार नाही, पैसे पाण्यात. त्यापरीस बोर्डच बदलू. बोर्ड बदलला की प्रोसेसर आलाच. मग ह्यो एसएमपीएस, करंट पुरवणारा डबा, कशाला ठेवता?"

"मग आपलं जुनं काय राहील?"

"कॅबिनेट ऱ्हाईल की." जरा थांबून म्हणाला, "पर त्येबी बदललेलं बरं."

फळ्यावर जी बेरीज त्याला कधी जमली नाही, ती त्यानं उभ्या उभ्या तोंडी केली. तीस हजार.

बाजेवरून अण्णांनी विचारलं, "काय म्हणायलाय?"

"रॅम कमी आहे म्हणतो."

"राम नाही? मग ठेवून काय करायलास? इकून टाक."

मी तीस हजारांचा आकडा सांगितला. अण्णा उठून बसले. चष्मा लावून त्यांनी कॅबिनेटात वाकून बघितलं, अगदी माळेगावच्या जत्रेत लाल कंधारी बैलाच्या तोंडात बघावं तसं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही दात आले की बैल जुळला. जुळलेला बैल म्हातारा नसतो, पुढं कैक वर्षं औत ओढतो. फक्त बाजारात भाव पडतो. "ह्यो जुळलाय," अण्णांनी निकाल दिला. "राम हाय अजून."

पोरानं माझ्याकडून खोडरबर मागून घेतलं, रॅमची पट्टी काढली आणि तिच्या सोनेरी कडा घासल्या. प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. कॉम्प्युटर चालू! इतका राग आला मला. बिघडलेलं यंत्र टाकून देता येतं. खोडरबरनं सुधारणाऱ्याचं काय करायचं?

पुण्याहून लेकीचा फोन. "पप्पा, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय. अकरा त्याच्यावर बसत नाही, इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी लागते, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. लॅपटॉप घ्या."

ऑगस्टमध्ये पैसे काढायला निघालो, तर अण्णा म्हणाले, "पोळ्याच्या तोंडावर कुणी बैल इकतं व्हय?" पोळा झाला, गौरी-गणपती आले. दसऱ्याला आयुधं पूजायची, मग विकायची कशी? तोवर पावसानं सोयाबीन आडवं केलेलं, तीस हजारांचा विषय घरात काढायची सोय राहिली नाही.

शेवटी पोरानं १,८०० रुपयांत जुन्या हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकून दिली. परवा सकाळी बटन दाबलं, गॅसपर्यंत पोचायच्या आत पडदा उजळलेला. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी बिघडलंय बघा."

बिघडलं नव्हतं. वर इंग्रजीत एक पाटी आली होती, की हे यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही.

"काय लिवलंय?" अण्णा.

"पिढी विचारायलंय. आठवी पाहिजे म्हणतंय, आपली तिसरी."

"म्हंजी दात मोजायलेत," अण्णांनी कॅबिनेटवर थाप मारली. "तोंड मिटून बस म्हणावं."