"ए कचरेवाले, रुक!"

परवा सकाळी माझ्या पाच वर्षांच्या मुलानं गॅलरीतून ही हाक मारली आणि मी ओट्यापाशी जागच्या जागी थांबले. कारण तो सूर त्याचा नव्हताच, माझा होता. रोज कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं की मीच घाईघाईत अशी ओरडते आणि तो बाजूला ब्रश करत उभा असतो.

तसं घरात संध्याकाळी शुभंकरोति होतं, आजी-आजोबांना रोज नमस्कार होतो, त्यामुळे मुलाला आदर शिकवलाय असंच मी धरून चालले होते. शेजारच्या आंटी मात्र त्याला टोकतात, "मम्मी को तू बोलता है? आप बोलो." आता त्यांना कसं समजवायचं की आमच्याकडे आईला तू, आजीला तू आणि विठ्ठलालाही तूच, त्यात अनादर नाही, जवळीक आहे. आणि हाच मुलगा शाळेत टीचरला न चुकता आप म्हणतो. कुठं तू आणि कुठं आप हे इंदूरच्या मराठी पोरांना कुणी बसवून शिकवत नाही, ऐकून ऐकून येतं. मग कुणाला नुसतं 'ए' म्हटलं तरी चालतं हेही ऐकूनच येणार ना.

बीएडला आम्हाला मानसशास्त्रज्ञ बांडुरांचा प्रयोग होता, 1961 चा, स्टॅनफर्डच्या बालवाडीतली 72 मुलं. मोठ्या माणसाला हवेच्या बाहुल्याला मारताना पाहिलेल्या मुलांनी नंतर तसंच मारलं, कित्येकांनी तर तेच शब्द वापरले. पेपरात हे मी छान लिहिलं होतं, पण गॅलरीत उभी असताना एकदाही आठवलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्या दिवशी त्याला रागावले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन खाली गेले, हिरवा डबा मी, निळा त्यानं धरला. गाडीवरच्या बाईंना आधी मीच नमस्ते म्हटलं आणि कालची माफी मागितली, त्याच्यासमोरच. त्यानं विचारलं, "आपको क्या बोलूँ?" त्या म्हणाल्या, "मौसी बोल, बेटा." मग त्याचं लक्ष त्यांच्या बोटाच्या पट्टीकडे गेलं. कुणीतरी फुटलेला ग्लास तसाच पॉलिथिनमध्ये घालून दिला होता, पिशवी दाबली तशी काच आरपार. तो घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि मग दिवसभर विचारत होता, मौसीला दुखत असेल का, त्या पोळ्या कशा करतील.

मला वाटतं आदराची सुरुवात इथं होते. माझ्या हातून गेलेली वस्तू पुढे कुणाच्या हातात जाणार आहे हे डोक्यात येणं. 2017 पासून आपण इंदूरकर स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळवत आलो, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक असं सहा प्रकारचं वेगळं करायला शिकलो, ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाच्या प्रकल्पात सीएनजी होतो हेही पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, पण ज्यांच्या हातातून हे सगळं जातं त्यांना काय म्हणून हाक मारतो?

आणि एक, यावरून घरात अजून थोडी कुरबुर चालू आहे. पाहुणे आले की मान धरून त्याला पाया पडायला लावणं मी बंद केलंय. "या काका, बसा" म्हणायचं, पाणी आणून द्यायचं, एवढं मात्र करायलाच हवं. सासूबाईंना हे पटत नाही, त्यांचं म्हणणं सवय लागते, मन मागून येतं. त्यांचंही अगदीच चूक आहे असं मला म्हणता येत नाही, पण लाजणाऱ्या मुलाला चारचौघांत वाकवताना त्याचा आदर कोण करतंय हा प्रश्न मला पडतोच.

काल घरात बरणी फुटली. मी तुकडे पेपरच्या चार घड्यांत बांधले, वरून सेलोटेप. त्यानं लाल खडू आणला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत "कांच मौसी" असं लिहिलं. आज सकाळी ती पुडी डब्यात न टाकता त्यानं वेगळी नेऊन दिली. आपल्या कॉलनीतल्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, काच अशीच बांधून, सांगून द्या, आणि देताना मुलांना सोबत खाली घेऊन या.