'क्षमता 500' म्हणजे नेमकी कशाची?

आपत्ती आराखड्यातला मला सर्वांत खोटा वाटणारा रकाना म्हणजे 'निवारा क्षमता'. 500 चौरस मीटरच्या हॉलपुढे बिनदिक्कत '500' लिहितात. ती बसणारी माणसं झाली. झोपायला, सामान ठेवायला माणशी किमान साडेतीन चौरस मीटर लागतात, म्हणजे तिथे 140 माणसं. उरलेली 360 कुठे जाणार, हे आराखड्यात नसतं.

या 140 जणांना माणशी 15 लिटर धरून रोज 2,100 लिटर पाणी हवं. 20 जणांमागे एक, म्हणजे सात शौचालयं. त्यातली पाच बायकांसाठी, आतून कडी आणि बाहेर दिवा असलेली. दिवा नसला की बायका संध्याकाळपासून पाणी पिणं कमी करतात आणि दोन-तीन दिवसांत लघवीच्या जळजळीच्या तक्रारी सुरू होतात.

टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर मुठीने टाकू नका. 30 टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर 33 ग्रॅम, एक लिटर पाण्यात घोळून ठेवा, गाळ बसला की वरची निवळ घ्या. हजार लिटरला 200 मिली. अर्ध्या तासाने क्लोरोस्कोपवर (पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून मोजायचं साधन) लिटरला 0.5 मिलिग्रॅम दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर बहुतेक वेळा पाणी गढूळ असतं (आधी तुरटी फिरवायला हवी होती) किंवा पोतं उघडं राहून पावडर मेलेली असते.

हे सगळं रुग्णालयाच्या तयारीतच मोडतं, कारण निवाऱ्यात जुलाब सुरू झाले की खाटा तिकडे भरतात. नोंदणीच्या टेबलावरच विचारा: इन्सुलिन, डायलिसिस, ऑक्सिजन, फिट्सच्या गोळ्या, गरोदरपण. वापरातली इन्सुलिनची कुपी 25 अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. घाबरून थेट बर्फावर ठेवली की गोठून वाया जाते. डायलिसिसवाल्यांना मात्र त्याच दिवशी चालू केंद्राच्या जवळ हलवा.

जखमींचं गणित उलटं चालतं. चालते-बोलते आधी पोचतात, तेही सर्वांत जवळच्या दवाखान्यात. गंभीर मागून येतात तेव्हा खाट उरलेली नसते. म्हणून हिरव्या पट्टीवाल्यांसाठी, म्हणजे किरकोळ जखमींसाठी, दारातच वेगळी जागा हवी आणि कुठे किती खाटा रिकाम्या आहेत हे सांगणारा, सगळ्या भागासाठी एकच माणूस वायरलेसवर हवा. मोबाइल टॉवर पहिल्याच रात्री बसतात.

ऑक्सिजनचंही तसंच. 7,000 लिटरचा जंबो सिलिंडर मिनिटाला 10 लिटरने अकरा तास जेमतेम पुरतो. असे दहा रुग्ण म्हणजे दिवसाला बावीस सिलिंडर. आणि ते आणणारा ट्रक कुठल्या रस्त्याने येणार? त्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेला तर दुसरा रस्ता कोणता, हे ट्रक ड्रायव्हरला आज विचारून ठेवा.