भूकंप, भट्टी आणि पाण्याचा पाइप: कोल्हापुरात यावर बोलायला हवं

कोयना खोऱ्यात हादरा बसला की कोल्हापुरात तासभर एकच चौकशी: "तुमच्याकडं जाणवला का?" मग भिंतीला तडा गेलाय का बघायचं आणि विषय सोडून द्यायचा. घराची काळजी रास्तच आहे. पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित या औद्योगिक वसाहती, साखर कारखाने, शीतगृहं, पाणी उपसा केंद्रं यांचं काय? माझं मत स्पष्ट आहे. इथं सगळ्यात जास्त घात करतील ती पायाला न बांधलेली यंत्रं आणि ताठ जोडलेले पाइप.

आयएस १८९३ म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूर भूकंपधोक्याच्या विभाग ३ मध्ये येतं (धोक्याचा गुणांक ०.१६), कोयना विभाग ४ मध्ये (०.२४). दोन्हींत हवाई अंतर शंभर किलोमीटरच्या आत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात १०३ मीटर उंच कोयना धरणाला आडव्या भेगा गेल्या, नंतर काँक्रीटचा आधार देऊन ते मजबूत करावं लागलं. आणि १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा तो भाग नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. त्यामुळं "आपण तीनमध्येच आहोत" म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

फौंड्रीचंच घ्या. इंडक्शन (विजेच्या कॉइलनं तापणाऱ्या) भट्टीतलं वितळलेलं बीड १४०० अंशांच्या वर असतं. लाइट गेली की कॉइल थंड ठेवणारा पंप थांबतो, रसाची उष्णता मात्र तिथंच असते. सगळी भिस्त जनरेटरवर. त्याची बॅटरी बहुतेक ठिकाणी नुसती जमिनीवर ठेवलेली असते. ती सरकून केबल निघाली की स्टार्टर फिरतच नाही. जनरेटर सेट स्प्रिंगवर बसवला असेल तर हादऱ्यात तो उड्या मारतो, म्हणून त्याला चारी बाजूंनी लोखंडी अडण्या हव्यात. डिझेलचा ताठ पाइप आट्यांपाशी तुटतो. इंजिनाजवळचा तुकडा लवचिक होजचाच पाहिजे. याशिवाय उंचावरच्या टाकीतून गुरुत्वानं येणारं पाणी हवं, आणि लाइट गेल्यावर आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह. भट्टीखालचा खड्डा पूर्ण हीट (एका वेळचा सगळा रस) मावेल एवढा आणि कोरडा ठेवा. ओल्या खड्ड्यात रस पडला तर वाफेचा स्फोट होतो, आणि आपल्याकडं पावसाळ्यात खड्डे झिरपतात हे सगळ्यांना माहीत आहे.

बोल्ट मारायचं काम सोपं, पण तेच चुकतं. विजेच्या पॅनेलचे फास्टनर नुसत्या कोब्यात बसवले तर ते कोब्याचा पोपडा घेऊन वर येतात. छिद्र खालच्या काँक्रीटपर्यंत गेलं पाहिजे. उंच पॅनेल एकमेकांना जोडा, वरून भिंतीला धरा. चाकांवर, रुळांवर उभा ट्रान्सफॉर्मर तर हमखास सरकतो आणि बुशिंगची (तार बाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरची) चिनीमाती फुटते. चाकं काढून किंवा प्लेटनं पक्की जखडून पायाला बांधा, आणि बसबारला (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीला) थोडा ढिला लूप ठेवा.

पाणी पुरवठ्यात सगळ्यात नाजूक जागा म्हणजे पाइप जिथं जॅकवेलच्या (नदीकाठच्या उपसा विहिरीच्या) किंवा टाकीच्या भिंतीत शिरतो ती. भिंत आणि गाळाची माती वेगवेगळ्या हलतात, पाइप तोंडाशी कापला जातो. भिंतीबाहेर लगेच दोन लवचिक जोड दिले तर तो वाचतो. शिशाच्या जोडाचे जुने बिडाचे पाइप ठिसूळ. रबर रिंगचे डक्टाइल आयर्न बरेच बरे.

क्लोरीनकडं तर लोक बघतच नाहीत. पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनचा ९०० किलोचा टनर (मोठं सिलिंडर) आडवा, रोलरवर ठेवलेला असतो. तो जरा फिरला की तांब्याची बारीक नळी तुटते. साखळीनं आवळून ठेवणं एका दिवसाचं काम आहे. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड, म्हणून पळायचं ते वाऱ्याला आडवं आणि उंचावर. श्वसन संच क्लोरीनच्याच खोलीत कुलपात ठेवला तर गळतीच्या वेळी तो हाती लागणार नाही. तो बाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा.

हे सगळं एकमेकांत कसं अडकतं ते १७ ऑगस्ट १९९९ ला तुर्कस्तानात इझमितच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात दिसलं. काँक्रीटची उंच चिमणी संयंत्रावर कोसळली, नॅफ्थाच्या टाक्या पेटल्या, आणि तळ्यातून पाणी आणणारी वाहिनीच तुटल्यामुळं आग विझवायला पाणी नव्हतं. आग काही दिवस चालली. आपल्या मळीच्या, स्पिरिटच्या टाक्यांजवळ आगीसाठी स्वतःचा, बाहेरच्या पाइपवर अवलंबून नसलेला साठा आहे का, हे कारखान्याच्या संचालकांनी सभेत विचारावं.

वेळ आपल्याकडं ठरलेली आहे. गाळप संपल्यावर ओव्हरहॉलिंग होतं, फौंड्रीत दिवाळीची सुट्टी असते. त्यात बॉयलर, चिमणीचे ताण, गॅन्ट्री क्रेनचे स्टॉपर, टाक्यांचे बोल्ट बघता येतात. माझी मागणी एवढीच, की फायर ऑडिटच्या फॉर्ममध्येच "यंत्र पायाला बांधलंय का, जोड लवचिक आहेत का" हे दोन रकाने घाला. आणि हादऱ्यानंतर ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला तर घाईनं चालू करू नका. बुखोल्झ रिले (ट्रान्सफॉर्मरमधला बिघाड ओळखून वीज तोडणारं उपकरण) नुसत्या हलण्यानंही ट्रिप देतो. रिलेत गॅस साठलाय का, तेल गळतंय का, बुशिंगला चीर आहे का हे बघा, मेगर या मीटरनं इन्सुलेशनची टेस्ट घ्या, मगच ब्रेकर लावा.