सेक्रेटरींचा ओके

बाथरूमचं छत गळतंय हे मी सोसायटीच्या सेक्रेटरींना एकवीस ओळींत कळवलं. तीन फोटो, शेवटी 'कळावे'सुद्धा. दोन ब्लू टिक उमटल्या आणि उत्तर आलं, 'ओके'.

काय ओके? गळतंय ते?

तणतणत खाली उतरलो तर वॉचमनच्या केबिनपाशी तिसऱ्या मजल्यावरचे काका. रिटायर झाल्यापासून त्यांना जगातला प्रत्येक शब्द संस्कृत वाटतो. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन नाकाला लावली आणि म्हणाले, "अहो, हा तर ओंकार! साहेबाला 'र' म्हणता येईना, त्यानं गाळला."

"काका, साहेबाला 'र' येतो. ट्रेन त्यानंच आणली."

"त्यात अर्धाच आहे."

यावर काय बोलणार? तरी मी चिकाटीनं सांगत बसलो. अमेरिकेतल्या बोस्टनच्या वर्तमानपत्रांत तेव्हा मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची नुसती आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. २३ मार्च १८३९ च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये 'ऑल करेक्ट'चं 'ओल करेक्ट' (oll korrect) करून ओ. के. छापलं. बाकीची असली पिल्लं मेली, हे जगलं, कारण १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा निवडणुकीला उभा होता. गाव किंडरहुक, म्हणून तो 'ओल्ड किंडरहुक'. त्याच्या माणसांनी ओके क्लब काढले. तो आपटला, ओके राहिलं. हे सगळं ॲलन वॉकर रीड नावाच्या प्राध्यापकानं जुनी वर्तमानपत्रं उपसून १९६० च्या दशकात सिद्ध केलं.

काका डोळे मिटून ऐकत होते. एवढ्यातून त्यांनी नेमका एकच शब्द उचलला.

"ओल करेक्ट? मग सेक्रेटरींचं काय चुकलं? तुमच्या छताला ओल आहे, ती करेक्ट आहे."

वॉचमन हसला. मला नाही आलं हसू. मेंटेनन्स दोन दिवस उशिरा भरला की याच सेक्रेटरींना दीड पान सुचतं, उपविधीच्या कलमासकट आणि व्याजासकट. तिथे नाही अडत कुणाची आद्याक्षरं.

सध्या बादली दर चार तासांनी रिकामी करतो. रात्री दोनचा गजर लावलाय. आज लिफ्टमध्ये काकांनी विचारलं, "काय म्हणतो ओंकार?"

म्हटलं, "टपकतोय."